उन्हात आंधळी होणारी गाडी

शहापूर तालुक्यात मी बरीच वर्षे पदार्थविज्ञान शिकवले. निवृत्त झाल्यावर रविवारी सकाळी आमच्या पडवीत सहा-सात मुले जमू लागली. काही शहापूर-आसनगावची, तर काही किन्हवली-सरळगावच्या रस्त्याने मुरबाड तालुक्यातून येणारी. जुने रेडिओ उघडणे, सायकलच्या डायनॅमोवर दिवे लावणे, असे उद्योग चालत. त्यातूनच एका मुलाने चार चाकांची रोबो-गाडी बनवली. पिवळ्या गिअर मोटारी, आर्डुइनोचा स्वस्त बोर्ड, आणि अडथळा दिसला की वळावे म्हणून पुढे दोन इन्फ्रारेड सेन्सर. आमच्या घरातल्या फरशीवर ती खुर्च्यांच्या पायांमधून अशी सराईत फिरे की शेजारची लहान मुले मुद्दाम तिच्या वाटेत पाय ठेवून बसत.

जानेवारीत एका विज्ञान प्रदर्शनात आम्ही ती नेली. दालन लहान पडल्यामुळे आमची पाळी बाहेर, मैदानावर आली. सकाळचे अकरा वाजले होते, ऊन लख्ख होते. मुलाने बटण दाबले. गाडी हातभर गेली, थांबली, वळली, पुन्हा थांबली, आणि जागच्या जागी गरगरत राहिली. समोर काहीच नव्हते. परीक्षक दोन मिनिटे थांबले आणि पुढे गेले. मुलगा मान खाली घालून म्हणाला, “सर, माझं सोल्डरिंग कच्चं राहिलं बहुतेक.” मी म्हणालो, “बघू नंतर.” तो खोके काखोटीला मारून एसटीने गावी गेला आणि पुढचे तीन महिने आला नाही.

त्याचे सोल्डरिंग उत्तम होते. गाडी का थांबली हे मला त्याच क्षणी कळले होते. किंबहुना ते आदल्या दिवशीच कळायला हवे होते. चूक शिकवणाऱ्याची होती आणि ती मी शिकणाऱ्याच्या खांद्यावर राहू दिली. पुढचा सगळा खटाटोप त्या रविवारच्या हिशेबातून सुरू झाला. घराबाहेर, उन्हात, मातीत चालेल असा अडथळा ओळखणारा सेन्सर खेड्यातल्या मुलाला परवडेल अशा किमतीत बनतो का, हा प्रश्न होता.

स्पर्श, ध्वनी, प्रकाश

यंत्राला समोरचा अडथळा कळण्याचे मुख्य मार्ग तीन. पहिला स्पर्शाचा. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल येथे ग्रे वॉल्टर या मेंदूशास्त्रज्ञाने १९४८-४९ मध्ये दोन यांत्रिक कासवे बनवली होती. त्यांचे कवच कशाला आपटले की आतला स्विच जोडला जाई आणि कासव दिशा बदले. आधी धडक, मग शहाणपण, असा हा मार्ग.

दुसरा मार्ग ध्वनीचा. तो आपल्या ओळखीच्या पाकोळ्यांचा. इटलीतल्या स्पालान्झानीने १७९३-९४ च्या सुमारास दाखवले होते की डोळे झाकलेले वटवाघूळ अंधारात न धडकता उडते, पण कान बंद केले की चाचपडते. यामागे माणसाला ऐकू न येणारा आवाज आहे, हे डोनाल्ड ग्रिफिन या तरुण संशोधकाने १९३८ मध्ये अमेरिकेत उपकरणाने टिपले. दरम्यान, १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यावर पाण्यातला हिमनग प्रतिध्वनीने ओळखण्याचे प्रयत्न सुरू झाले होते. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या लान्जेव्हॅंने क्वार्ट्झच्या स्फटिकातून अतिध्वनी काढून पाणबुड्या शोधण्याची रीत बसवली. हे तंत्र घरगुती वस्तूत आणले एका कॅमेऱ्याने. पोलरॉइड कंपनीने १९७८ मध्ये अतिध्वनीने अंतर मोजून आपोआप फोकस करणारा कॅमेरा काढला. त्यातला अंतर मोजणारा भाग सुटा मिळू लागला आणि पुढच्या दशकात जगभरच्या प्रयोगशाळांतल्या रोबोंच्या कमरेभोवती त्या गोल चकत्यांची माळ दिसू लागली. आज लॅमिंग्टन रोडवर शंभर रुपयांच्या आसपास मिळणारा, दोन डोळ्यांसारखा दिसणारा एचसी-एसआर०४ हा त्याच कुळातला.

तिसरा मार्ग प्रकाशाचा. इन्फ्रारेड दिवा लावायचा आणि समोरून किती प्रकाश परत येतो ते पाहायचे. हाच सगळ्यांत स्वस्त, म्हणून मुलांच्या पहिल्या गाडीवर हमखास हाच असतो. महागड्या प्रकारात परत यायला प्रकाशाला लागलेला वेळ मोजतात. एक मीटर जाऊन येण्यास प्रकाशाला अवघे ६.७ नॅनोसेकंद लागतात. तेच अंतर आवाजाला ५.८ मिलिसेकंदांचे आहे, म्हणजे जवळजवळ नऊ लाख पट सावकाश. म्हणूनच आवाजाचे घड्याळ स्वस्तात बनते आणि प्रकाशाचे महाग पडते.

भरलेला हंडा

आता मैदानावर काय झाले ते. भर दुपारी सूर्य एका चौरस मीटर जमिनीवर सुमारे एक हजार वॅट इतकी ऊर्जा ओततो. त्यातली जवळपास निम्मी इन्फ्रारेड असते. आमच्या सेन्सरवरचा दिवा वॅटच्या काही शतांश भागाइतका. त्यातलाही बहुतेक प्रकाश इकडेतिकडे पसरतो, आणि समोरच्या दगडावर आपटून परत येतो तो अगदीच कण. अंतर दुप्पट झाले की परतणारा प्रकाश निदान चौपट कमी होतो. दगड झोतापेक्षा लहान असेल तर सोळा पट. घरात ट्यूबलाइटच्या उजेडात हा कण ओळखता येतो, कारण ट्यूबलाइटमध्ये इन्फ्रारेड फारसे नसते. उन्हात मात्र प्रकाश टिपणारा फोटोडायोड सूर्यानेच भरून जातो. सेन्सरच्या लेखी भरपूर इन्फ्रारेड म्हणजे जवळचा अडथळा. आमच्या गाडीला त्या मोकळ्या मैदानात चारी बाजूंनी भिंत दिसत होती. तिने जे केले ते तिच्या परीने अगदी बरोबर होते.

यावरचा पुस्तकी उपाय सोपा वाटतो. दिवा लावून एक मोजमाप घ्या, विझवून दुसरे घ्या, आणि वजाबाकी करा. ऊन दोन्हीकडे सारखे, ते निघून जाईल. टीव्हीचा रिमोट थोडाफार याच तत्त्वावर चालतो. त्याचा दिवा सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो आणि टीव्ही फक्त त्या लयीतला प्रकाश ऐकतो.

आम्ही ते केले आणि उत्तर शून्य आले. सावलीत ठीक, उन्हात शून्य. एका मुलीने विहिरीवरचे उदाहरण देऊन कारण सांगितले, ते माझ्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा सरस होते. काठोकाठ भरलेल्या हंड्यात वाटीभर पाणी ओतले तर पातळी वाढत नाही, पाणी सांडते. वाटीचे पाणी मोजायचे असेल तर आधी हंडा रिकामा हवा. फोटोडायोडच्या जोडीचा रोध मोठा असेल तर उन्हाच्या प्रवाहानेच व्होल्टेज वरच्या टोकाला जाऊन बसते. मग दिवा लावा की विझवा, आकडा तोच. रोध लहान केला, मध्ये कपॅसिटर घालून फक्त बदल पुढे जाऊ दिला, डायोडला काळ्या नळीची टोपी घातली, तेव्हा कुठे वजाबाकीत काही उरू लागले. आमचे डायोड पारदर्शक होते. त्यांच्यासमोर एका फोटो स्टुडिओतून आणलेल्या रंगीत निगेटिव्हच्या टोकाचा काळा तुकडा लावला. धुतलेली काळी निगेटिव्ह दृश्य प्रकाश अडवते आणि इन्फ्रारेडला वाट देते. ९४० नॅनोमीटरचा दिवा निवडण्यातही एक फायदा आहे. हवेतली वाफ त्या आसपासचे ऊन बरेच शोषून घेते, त्यामुळे त्या रंगात सूर्य थोडा मंद असतो.

एवढे करूनही थरथर उरते. प्रकाश कणाकणाने येतो, पत्र्यावर पडणाऱ्या सरीसारखा. सर कितीही एकसारखी वाटली तरी दर क्षणी थेंब मोजले तर आकडा कमीजास्त येतो. ऊन वजा होते, पण उन्हाची ही थरथर वजा होत नाही. तिच्यावर उपाय एकच, पुन्हा पुन्हा मोजणे. शंभर मोजमापांची सरासरी काढली तर थरथर दहा पट कमी होते. पण एका मोजमापाला एक मिलिसेकंद धरला तर शंभरांना दशांश सेकंद लागतो. तेवढ्यात सेकंदाला तीस सेंटिमीटर जाणारी गाडी तीन सेंटिमीटर पुढे सरकलेली असते. अचूकता हवी तर चाल कमी करा, हा सौदा कोणत्याच सेन्सरला चुकत नाही.

फरशी आणि ढेकूळ

एप्रिलमध्ये मी मुरबाड तालुक्यातल्या त्या मुलाच्या पाड्यावर गेलो. त्याला सांगितले की सोल्डरिंग कच्चे नव्हते, सूर्याचा विचार मी केला नव्हता. तो ऐकून घेऊन म्हणाला, “तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं, तर तेव्हाच का नाही सांगितलं, सर?” याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. थोड्या वेळाने त्याने खाटेखालून खोके काढले. आम्ही गाडी घेऊन भाताच्या कोरड्या खाचरात उतरलो.

ध्वनीचा सेन्सर त्या दिवशी प्रथम बाहेर आजमावला. त्याला उन्हाचे भय नाही, म्हणून मी निर्धास्त होतो. गाडी तरीही दर अर्ध्या मीटरवर दचकू लागली. समोर काही नाही, फक्त ढेकळे आणि भाताची धसकटे.

कारण लांबीत आहे. चाळीस हजार कंपनांच्या आवाजाची हवेतली तरंगलांबी सुमारे साडेआठ मिलिमीटर. पृष्ठभागावरचे उंचवटे याहून बरेच लहान असले, तर आवाजाच्या दृष्टीने तो आरसा. फरशी हा असा आरसा आहे. तिरका पडलेला आवाज फरशीवरून पुढे निघून जातो, परत येत नाही. ढेकळाची जमीन खडबडीत, ती आवाज सगळीकडे उधळते, थोडा आपल्याकडेही. सेन्सर जमिनीपासून पंधरा सेंटिमीटर उंच आणि आवाज मध्यरेषेपासून पंधरा अंश पसरतो असे धरले, तर तो ५६ सेंटिमीटरवर जमिनीला टेकतो. आमची गाडी नेमकी तिथेच दचकत होती. घरात फरशीने आमच्यावर उपकार केले होते आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

सेन्सर तीस सेंटिमीटर उंच नेला, किंचित वर कलता केला, दोन्ही डोळ्यांभोवती पुठ्ठ्याच्या पुंगळ्या लावून पसारा आवळला. दचकणे बरेच कमी झाले. उरलेले खोटे प्रतिध्वनी घालवायला सरासरी कामाची नाही. एक वेडा आकडा पाचही मोजमापे बिघडवतो. त्यापेक्षा पाच आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्यावा. ही युक्ती बिनखर्चाची आहे, आणि मुलांना ती गणिताच्या तासापेक्षा खाचरात लवकर पटली.

हवामानाचा वाटा वेगळा. आवाजाचा वेग तापमानाबरोबर वाढतो. दहा अंशांच्या पहाटे तो सेकंदाला सुमारे ३३७ मीटर, तर चाळीस अंशांच्या दुपारी ३५५ मीटर. दोन मीटर अंतरावर हा फरक दहा सेंटिमीटरचा. दोन-पाच रुपयांच्या थर्मिस्टरने तो भरून निघतो. पावसाळा मात्र अवघड. आमच्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उघड्या जाळीचा सेन्सर पहिल्याच सरीत गप्प होतो. मोटारीच्या मागच्या बंपरमध्ये बसतो तसा बंद तोंडाचा सेन्सर पाण्याला दाद देत नाही. मात्र एकच चकती बोलते आणि ऐकते. बोलून झाल्यावर तिची थरथर थांबेपर्यंत ती बहिरी असते, म्हणून वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आतले तिला दिसत नाही.

हे जवळचे अंतर कोणी पाहायचे? इथे ग्रे वॉल्टरचे कासव मदतीला आले. सायकलच्या ब्रेकची जुनी तार मिशीसारखी पुढे काढली आणि तिच्या बुडाशी एक कडी ठेवली. तार वाकून कडीला टेकली की स्विच लागतो. गवत तारेला थोडेच वाकवते, दगड पुरते वाकवतो. गवतातून जायचे आणि दगडापाशी थांबायचे, हा विवेक शंभर रुपयांच्या ध्वनी-सेन्सरला नाही. फुकटच्या तारेला आहे.

खाच

मग बांध आला. खाचराच्या कडेला गाडी सरळ चालत गेली आणि दीड हात खाली पडली. समोर अडथळा नव्हताच. समोर जमीन नव्हती. आतापर्यंत आम्ही फक्त ‘असलेल्या’ अडथळ्यांचा विचार केला होता. ‘नसलेला’ अडथळा, म्हणजे खड्डा, बांधाची कड, कठडा नसलेली विहीर, हा प्रतिध्वनीतून कळत नाही. तिथून काही परतच येत नाही.

या अडचणीत आम्ही एकटे नव्हतो. २७ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर ‘प्रज्ञान’ रोव्हरसमोर तीन मीटरवर चार मीटर व्यासाचे विवर आले. कॅमेऱ्यांतून ते दिसल्यावर त्याला मागे फिरण्याची आज्ञा दिली गेली. पैशाने बाहेरचे जग सोपे होते असेही नाही. अमेरिकेत २००४ मध्ये स्वयंचलित गाड्यांची वाळवंटातली शर्यत झाली. वाट सुमारे २४० किलोमीटरची, बक्षीस दहा लाख डॉलरचे. विद्यापीठांच्या आणि कंपन्यांच्या गाड्यांपैकी सर्वांत पुढे गेलेली गाडी बारा किलोमीटरही पुरी करू शकली नाही. पुढच्या वर्षी पाच गाड्यांनी शर्यत पुरी केली, पण त्यांच्यावर लेसर, कॅमेरे, रडार यांचा जथा होता. हे वाचून दाखवल्यावर मुलगा प्रथमच मोकळेपणाने हसला.

खाचेसाठी आम्ही त्या प्रदर्शनातल्या, टाकून दिलेल्या इन्फ्रारेड सेन्सरकडे परत गेलो. त्याला दूर पाहायला लावणे हीच मूळ चूक होती. आता तो गाडीच्या पुढच्या कडेखाली, तळाकडे तोंड करून बसवला. वरून पत्र्याची झड, म्हणजे त्याच्यावर सावली. जमीन दहा सेंटिमीटरवर, म्हणजे प्रकाश भरपूर परततो. तो परतणे थांबले की जमीन संपली. उन्हाशी झगडण्यात आम्ही चार आठवडे घातले होते. सेन्सर सावलीत नेल्यावर प्रश्नच लहान झाला.

अशी तीन स्वस्त ज्ञानेंद्रिये एकत्र आली. लांबचे आवाजाने, पायाखालचे प्रकाशाने, अगदी जवळचे स्पर्शाने. कोणतेही एक भरवशाचे नाही, पण तिघांच्या चुका वेगवेगळ्या जागी होतात. सगळे मिळून आमचा खर्च पाचशे रुपयांच्या आत राहिला. त्यात आसनगावहून दादर आणि तिथून ग्रँट रोडचे तिकीट धरलेले नाही.

आजींची काठी

पाड्यावर या सगळ्या खटपटीकडे मुलाची आजी ओटीवरून कान लावून बसायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे नीट दिसत नसे. एके दिवशी म्हणाल्या, “गुरुजी, या गाडीला फुडचं दिसतंय, मंग माज्या काठीला लावा की.”

मुलाचे डोळे चमकले. मीही मोहात पडलो. आम्ही काठीला सेन्सर आणि मोबाइलची कंपन-मोटार बांधली आणि अंगणात मोजून पाहिले. भिंत, बैल, खांब कळत. कुडाच्या कलत्या काठ्या कधी कळत, कधी नाही. वाळत घातलेल्या गोधडीत आवाज विरून जाई. दहा वेळांत एक-दोनदा काठी गप्प राही. गाडी दहात एकदा आपटली तर चाक निखळते. आजी आपटल्या तर खुबा मोडतो. मी नाही म्हणालो. मुलगा चिडला, “मग एवढं करून काय उपयोग?”

मी त्याला दिल्लीच्या आयआयटीत झालेल्या ‘स्मार्टकेन’ची गोष्ट सांगितली. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून सुरू झालेले हे काम प्रत्यक्ष वापरात यायला २०१४ साल उजाडले. मधली वर्षे दृष्टिहीन माणसांबरोबर चाचण्या करण्यात गेली. ते उपकरण पांढऱ्या काठीवर बसते आणि गुडघ्याच्या वरचे, काठीच्या टप्प्यात न येणारे अडथळे सुमारे तीन मीटरपर्यंत कंपनाने सांगते. खड्डा ओळखण्याचे काम काठीच्या टोकाकडेच ठेवलेले आहे. म्हणजे जगातल्या शहाण्या लोकांनीही आजींची काठी काढून घेतली नाही. तिच्या मिशीला फक्त कान जोडले.

आणि आजींना सेन्सर नव्हे, शस्त्रक्रिया हवी होती. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते, हे घरात कोणाला नीट ठाऊक नव्हते, आणि मलाही ते इतक्या महिन्यांत सुचले नव्हते. गौरी-गणपतीनंतर त्यांचा एक डोळा झाला. दुसरा बाकी आहे. काठी अजून हातात असतेच, विशेषतः संध्याकाळनंतर.

बाहेरची किंमत

२०१६ पासून नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत निवडलेल्या शाळांना वीस लाखांपर्यंत अनुदान मिळते, आणि त्या पेट्यांतून रोबो आता गावोगाव पोचत आहेत. ही चांगलीच गोष्ट आहे. पण पेटीतला सेन्सर सपाट फरशी, मंद उजेड आणि सरळ भिंत गृहीत धरतो. पेटीवर तसे लिहिलेले नसते. मुलाच्या घराला मात्र सारवलेली जमीन, कुडाची भिंत आणि डोक्यावर ऊन असते. तिथे यंत्र थांबले की मुलाला वाटते, आपलेच काही चुकले. पुण्याजवळच्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करत शिकण्यासाठी, आणि खेड्याचे खरे प्रश्न हाच अभ्यासक्रम मानून. त्याचा अर्थ मला इतक्या वर्षांच्या अध्यापनानंतर एका खाचरात समजला.

आमचा सेन्सर बाजारात मांडण्यासारखा नाही. धुक्यात आणि भर पावसात गाडी आम्ही बाहेर काढत नाही. उंच गवतात ती अजून फसते. पण आता कोणी नवा मुलगा आला की आमचा तो पहिला विद्यार्थीच त्याला शिकवतो. पहिल्या दिवशी तो गाडी फरशीवर चालवूच देत नाही. अकरा वाजता अंगणात नेऊन बंद पडू देतो, आणि लगेच सांगतो, “तुझं सोल्डरिंग बरोबर आहे. वर बघ.”